पाचवा उपकार

१

गुरुवारी आमच्याकडे शाळा नसते. तशी ती कधीच नसते म्हणा, कारण आमची चारही पोरं घरीच शिकतात. सोमवार ते बुधवार जेवणाच्या टेबलावर गणित आणि व्याकरण, शुक्रवारी जे राहिलं ते. गुरुवार मात्र भटकायचा. सकाळची प्रार्थना झाली की डबे भरायचे, बर्फाची पेटी व्हॅनच्या मागच्या रांगेपुढे चढवायची आणि निघायचं. कधी ग्रॅनाइटच्या टेकाडावर, कधी मिठाच्या तळ्यावर, कधी कोणाच्या मधमाश्या बघायला. गावातल्या बायका म्हणतात, "रोवीना, मजा आहे बाई तुझ्या पोरांची, रोजच सहल." मी म्हणते, "तुमची पाठवा माझ्याकडे. आठवड्यात परत न्यायला याल."

पूर्वी गाडीत बसताना मी डोकी मोजायची. पण पोरांची डोकी एका जागी राहतील तर शपथ. एकाची टोपी राहते, दुसऱ्याला शू लागते, आणि मी तीनपर्यंत पोचते तोवर पहिला पुन्हा खाली उतरलेला असतो. मग मी एक युक्ती काढली. सगळ्यांचे पट्टे लागले की डोळे मिटायचे, आणि थोरलीपासून धाकटीपर्यंत प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे. चार उपकार झाले म्हणजे चार पोरं गाडीत. मग आमेन म्हणायचं आणि किल्ली फिरवायची. डोळे मीसुद्धा मिटायची. पोरांना मिटायला लावायचे आणि आपण टकामका बघत बसायचं, हे मला जमत नाही. प्रार्थनाही व्हायची, मोजणीही व्हायची. चर्चमध्ये दोन-तीन जणींना मी ही युक्ती सांगितलीसुद्धा, जरा मिरवूनच.

गाडीत आमच्या जागा ठरलेल्या. नेओमी तेरा वर्षांची, ती माझ्या शेजारी, मांडीवर वही घेऊन. उपकार म्हणून झाले की ते लगेच लिहून काढायचे, अक्षर सुधारावं म्हणून मीच लावलेली शिस्त. मधल्या रांगेत टायटस आणि एझ्रा, दहा आणि आठ. गाडीचं सरकतं दार लावायचं काम टायटसचं. आणि सगळ्यात मागे, बर्फाच्या पेटीआड, गाडीच्या सीटवर बांधलेल्या आपल्या उंच खुर्चीवर पाच वर्षांची लिडी. ती जागा तिने हट्टाने घेतलेली. "हे माझं घर आहे," असं ती म्हणायची, आणि घरात कोणी डोकावलेलं तिला चालायचं नाही.

माझा नवरा ग्रँट गहू पिकवतो आणि मेंढ्या पाळतो. मेंढ्या फाटकातून सोडताना तो तीन-तीन करून मोजतो आणि चारशेत एक कमी असली तरी त्याला कळतं. गुरुवारी आम्ही परतलो की तो हात पुसत फाटकाशी येतो आणि एकच विचारतो, "सगळी आली का?" मी म्हणते, "सगळी." हे इतक्या वर्षांत इतक्यांदा झालंय की त्यात विचारायचं आणि सांगायचं काही उरलेलं नव्हतं.

२

मागच्या सप्टेंबरात आम्ही फुलं बघायला गेलो होतो. येताना जेवायला सावली शोधत होतो, तेव्हा ती जागा सापडली. कच्च्या रस्त्यालगत एका खोलीची शाळा होती म्हणे पूर्वी. खोली केव्हाच गेली. राहिली होती ती पोरांना उन्हापावसात बसायची पत्र्याची शेड, तिन्ही भिंतींना लागून लाकडी बाक, बाहेर पावसाच्या पाण्याची गंजकी टाकी आणि मिरीसारख्या लाल दाण्यांचं एक झाड. कपडे टांगायच्या खुंट्या अजून भिंतीला होत्या, अगदी खाली, पोरांच्या हाताच्या उंचीला.

"बघ टायटस," मी म्हटलं, "अखेर शाळेत आलास."

"गृहपाठ नाही ना?" टायटस म्हणाला, आणि बाकावर आडवा झाला.

आम्ही सँडविच खाल्ले, लिडीने एका जाड्या सरड्याला जीभ काढायला लावली, आणि निघालो. पट्टे, डोळे, उपकार, आमेन. काहीसुद्धा वेगळं वाटलं नाही.

घरी आल्यावर मी नेओमीची वही तपासायला घेतली. तारीख, आणि खाली उपकार, एकाखाली एक. गुलाबी फुलांचं अख्खं शेत. टेकाडावरून दिसलेला गरुड. आईने दुसरं बिस्कीट दिलं. सरड्याची निळी जीभ. आणि त्याखाली, त्याच नीट अक्षरात: सावली.

"नेओमी, हे सावली कोणाचं?"

"लिडीचं असेल."

"लिडीचं वर आहे की. निळी जीभ."

"मग तिने दोन म्हटले असतील." नेओमी बटाटे सोलत होती, तिने मान वर केली नाही. "मी ऐकलं ते लिहिलं, आई. कोण बोललं ते मी बघत नाही. डोळे मिटायला तूच सांगतेस."

लिडी बडबडी आहेच. मी समासात लाल पेनाने लिहिलं, 'सुंदर अक्षर', आणि वही मिटली.

३

त्यानंतर आमची ती जेवायची जागाच झाली. चाळीस किलोमीटरांत दुसरी धड सावली नाही. आणि गंमत म्हणजे तिथून निघतानाच तेवढा वहीत पाचवा उपकार यायचा. मिठाच्या तळ्यावरून निघालो तर चार, चर्चच्या अंगणातून निघालो तर चार. शेडपासून निघालो की पाच. एका गुरुवारी: बाक. पुढच्या गुरुवारी: गाडी थांबली.

मी घाबरट बाई नाही. मेंढी अडली तर कोपरापर्यंत हात घालून कोकरू काढते. पण गाडी थांबली याबद्दल उपकार कोण मानतं, हा विचार मला भांडी घासताना येऊन चिकटला तो सुटेना. आमची पोरं बिस्किटाबद्दल मानतात, गरुडाबद्दल मानतात. सावली, बाक, थांबलेली गाडी, याचे उपकार मानणारं माणूस वेगळं असतं. मग मीच स्वतःला दटावलं. लिडी खोडकर आहे, आवाज बदलून बोलत असेल. पोरीचं कौतुक करायचं सोडून मी काय घेऊन बसले.

तरी पुढच्या वेळी मी क्रम उलटा लावला. "आज धाकटीपासून थोरलीपर्यंत," मी म्हटलं. डोळे मिटले. लिडीने माकडासारख्या दिसणाऱ्या ढगाबद्दल उपकार मानले. मग एझ्राने, मग टायटसने. मग माझ्या शेजारी नेओमीने. मग थोडं थांबून, सगळ्यांच्या मागून, अगदी नीट, तोंड धुऊन पुसून पाहुण्यांसमोर उभं केलेल्या पोरासारखा आवाज आला: "पाण्याबद्दल."

मी डोळे उघडून आरशात पाहिलं. पेटीचं झाकण दिसलं आणि त्यावर लिडीच्या टोपीचा शेंडा, वरखाली हलणारा. तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलेलं होतं.

"लिडी, आता तू बोललीस?"

"न्हाई," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"मग कोण?"

"ती शेवटची," एझ्राने सांगितलं. जणू शेजारच्या कोणाबद्दल सांगावं तसं. "तिचा आवाज छान आहे. लिडीसारखी ओरडत नाही."

"मी नाही ओरडत," लिडी ओरडली. मग बिस्कीट गिळून म्हणाली, "ती नीट बसते, आई. पाय जुळवून, हात मांडीवर. तिला तसंच बसायला सांगितलंय."

"कोणी?"

लिडीने खांदे उडवले.

मी किल्ली फिरवली. दाराचं रबर जुनं झालंय, त्यातून वारा शीळ घालतो, हे मी ग्रँटला महिनाभर सांगत होते. पोरांना एका गोष्टीचं वेड लागलं की चौघं मिळून ते वाढवतात, हेही मला ठाऊक होतं. घरी येईस्तोवर माझ्याकडे अशी दोन-तीन कारणं जमली होती, आणि सगळी बरी होती. पाणी मात्र त्या दिवशी आम्हाला शेडमध्ये कुठंच मिळालं नव्हतं. टाकीचा नळ टायटसने फिरवून पाहिला होता, त्यातून नुसता गंज पडला.

४

रविवारी चर्चनंतर मी बेरिल आंटीच्या शेजारी बसले. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, त्या भागातल्याच, आणि तोंडाने फटकळ. नारळ लावलेले चॉकलेटचे चौकोनी केक त्यांनी आणले होते आणि ते आपणच खात बसल्या होत्या.

"आंटी, त्या जुन्या शाळेच्या टाकीत कधी पाणी असतं का?"

"त्या टाकीला तळ नाही," बेरिल आंटी म्हणाल्या. "माझं लग्न झालं तेव्हाही नव्हता. का गं? तुम्ही तिथं थांबता?"

"जेवायला. सावली आहे ना."

त्यांनी केक खाली ठेवला आणि रुमालाने बोटं एकेक करून पुसली. मला वाटलं, आता काही सांगतील. मला ते ऐकायचं होतं आणि नव्हतंही.

"पोरं मोजतेस ना तू?" त्यांनी विचारलं.

"मोजते की. उपकारांवरून मोजते, तुम्हाला सांगितलं होतं मागे."

"ते तुझं उपकारांचं राहू दे. डोकी मोज."

एवढं बोलून त्यांनी कोणाच्या तरी गुडघ्याच्या दुखण्याचा विषय काढला. मला राग आला, खरं सांगते. माझी युक्ती अशी उडवून लावलेली मला आवडली नाही. देवाचे उपकार मानायला शिकलेली पोरं चुकतील कशी, असं मी मनात म्हटलं. आणि दुसरंही एक मनात होतं, जे मी ग्रँटलासुद्धा सांगितलं नव्हतं. तो पाचवा आवाज मला नकोसा वाटत नव्हता. जे काही सावलीबद्दल, बाकाबद्दल उपकार मानतं, ते वाईट कसं असेल?

५

डिसेंबरचा पहिला गुरुवार, अभ्यासाच्या वर्षातली शेवटची सहल. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. आम्ही गव्हाच्या कोठारावर गेलो होतो, आमच्याच शेतातला गहू सरकत्या पट्ट्यावरून गव्हाच्या डोंगरावर चढताना बघायला. येताना एक्केचाळीस डिग्री ऊन. उत्तरेचा तापलेला वारा सुटलेला, धुळीने आभाळ पिवळट. गाडीचा एसी नुसता आवाज करत होता, एझ्राला मळमळत होतं, आणि मी शेडशी थांबले. बेरिल आंटींचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. पण दुसरी सावली नव्हती.

जेवण कोणालाच गेलं नाही. मी भराभर आवरायला घेतलं. "चला, चढा, चढा. घरी जाऊन नळाखाली बसा." चटई गुंडाळली, पेटी ढकलली. टायटसने दार लावलं. मागून पट्ट्याचा खटका वाजला. लिडी हल्ली पट्टा आपला आपण लावायला शिकली होती आणि कोणी मदत केलेली तिला खपायची नाही, म्हणून खटका ऐकला की मी समजायची, बाईसाहेब बसल्या.

डोळे मिटले. नेओमीने बाबांच्या गव्हाबद्दल उपकार मानले. टायटसने ट्रकच्या भोंग्याबद्दल. एझ्राने उलटी झाली नाही याबद्दल, आणि आम्ही हसलो. मग मागून आवाज आला.

"मला मोजतात त्याबद्दल."

किती गोड बोलली, मला वाटलं. ते मला अजून आठवतं, की मला गोड वाटलं. चार उपकार झाले. मी आमेन म्हटलं आणि गाडी काढली.

चौदा किलोमीटर आम्ही गेलो. एझ्रा झोपला. टायटसने पाण्याची बाटली मागे करून म्हटलं, "लिडी, घे." कोणी घेतली नाही. त्याने पुन्हा म्हटलं. मग तो पट्टा सोडून पेटीवरून मागे वाकला, आणि माझ्याकडे वळला. दहा वर्षांचं ते बोलकं पोर आरशात मला पांढरं फटक दिसलं.

मी गाडी थांबवून मागचं दार उघडलं. उंच खुर्ची होती. तिचा पट्टा नीट लावलेला होता, खटक्यात अडकवलेला, आणि ताणलेला. लिडी नव्हती.

"मी खटका ऐकला," टायटस म्हणाला. "आई, मी ऐकला. म्हणून दार लावलं."

"मीपण ऐकला, राजा," मी म्हटलं. "बस जागेवर."

कच्च्या रस्त्यावर जितकी पळवता येते तितकी मी गाडी पळवली. फोनला तिथं रेंज नसते. नेओमी मोठ्याने प्रार्थना करत होती आणि टायटस मुसमुसत होता. एक्केचाळीस डिग्री. पाच वर्षांची पोर, तळ नसलेली टाकी, आणि या दिवसांत बाकांखाली साप येऊन पडतात. मी देवाला काय काय कबूल केलं ते मी कोणाला सांगणार नाही. आरशात मी एकदाच पाहिलं. मागच्या खुर्चीचा पट्टा अजून लावलेलाच होता. तो सोडायचं मला सुचलं नव्हतं, की धैर्य झालं नव्हतं, देव जाणे.

६

लिडी शेडच्या कोपऱ्यात बाकावर बसली होती. पाय जुळवून, हात मांडीवर. मला बघून ती रडली नाही, धावत आली नाही. मीच जाऊन तिला उचलली आणि मला रडू फुटलं. तिचे केस ओले होते. फ्रॉकचा गळा ओला होता. गाल गार होते, त्या उन्हात गार.

"सरड्याला पावाचा तुकडा द्यायला गेले," ती म्हणाली. "आणि तुम्ही गेलात."

"चुकलं गं बाळा, आईचं चुकलं. पाणी कुठलं हे?"

"तिने दिलं."

मी टाकीवर हात मारला. पत्रा पोकळ वाजला. टाकीखालची माती कोरडी ठणठणीत होती.

"ती कुठंय?"

लिडीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कळू नये. "गाडीत आहे ना तुमच्याबरोबर. ती म्हणाली, आज मी जाते, तू माझ्या जागेवर बस. तू हलू नकोस. तुझी आई येईल, ती मोजते." मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "तिच्या आईने नव्हतं मोजलं."

मी पोरीला कडेवर घेऊन गाडीशी आले. मुलगे पुढे बघत बसले होते, मान वळवायची नाही असं ठरवून. मी मागचं दार उघडलं. खुर्ची रिकामी होती आणि पट्टा लावलेला होता. ताणलेला होता, हे मी पुन्हा सांगते, कारण नंतर मी स्वतःला खूप समजावलंय. लिडीला तिथंच बसवायची होती. ती तिची खुर्ची, तिचं घर.

मी चाळीस वर्षांची बाई, रिकाम्या खुर्चीशी बोलले. हळूच म्हटलं, "बाळ, उतर आता."

खटका मी उघडला नाही. तो उघडला.

मी लिडीला बसवलं, पट्टा लावला, तिच्या कपाळावर हात ठेवला. मग एकेका पोराच्या डोक्याला हात लावून मोजलं. एक, दोन, तीन, चार. मोजून होताच नेओमी कोणाला न विचारता खाली उतरली. पाण्याची मोठी बाटली तिने नेऊन बाकावर ठेवली आणि आपली गवताची रुंद टोपी कोपऱ्यातल्या खुंटीला अडकवली. तिला रागवायला मला तोंडच नव्हतं.

निघाल्यावर वळणाशी मी आरशात पाहिलं. बघायचं नाही असं ठरवून पाहिलं. धूळ उडत होती, शेडच्या आत अंधार होता. टोपी खुंटीवर नव्हती. ती कोपऱ्यात होती, बाकापासून एखाद्या सहा वर्षांच्या पोराच्या उंचीवर, आणि जरा खाली झुकलेली. त्याखाली दोन पाय होते, जुळवलेले, जमिनीला न पोचणारे. एवढंच. मग वळण आलं.

मी थांबले नाही. माझी चार मला मिळाली होती, आणि जन्मात कधी मानले नाहीत इतके उपकार मी त्या घटकेला मनात मानत होते. देवाचे मानले. तिचेही मानले. आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

आमची व्हॅन आठ सीटांची आहे. आम्ही पाच जण होतो. तीन सीटा रिकाम्या होत्या.

फाटकाशी ग्रँट हात पुसत आला. "सगळी आली का?"

"आपली सगळी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आपली म्हणजे?"

मी त्याला तिथंच, इंजिन चालू असताना, सगळं सांगितलं. माझ्या चुकीसकट. त्याने लिडीला उतरवून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

७

नाताळ झाला, कापणी संपली. टेबलावर जेवणाआधी उपकार म्हणायची वेळ आली की माझी पहिली ओळ ठरलेली असायची, चौघं डोळ्यांसमोर बसलेली आहेत त्याबद्दल. ती खरीच होती. पण ती म्हणताना मला तो कोपऱ्यातला बाक आठवायचा. मेंढ्यांत एक कमी असली की हातातलं जेवण टाकून जाणाऱ्या माणसाच्या घरात मी राहते. आणि मी काय केलं, तर उतर म्हटलं.

जानेवारीत एका सकाळी ग्रँटने ट्रकवर एक छोटी नवी टाकी चढवली, नळाची, आणि पाणी भरून नेली. का, ते त्याने सांगितलं नाही. दुपारी परत आला, हात धुतले, चहा घेतला.

"बसवली," तो म्हणाला. "शेडच्या सावलीत. खाली नळ, पोराच्या हाताला येईल असा."

"बरं केलंस."

"नेओमीची टोपी होती तिथं. बाकावर." त्याने कप फिरवला. "आणली नाही. वाटलं, कोणाची तरी असेल."

फेब्रुवारीत अभ्यासाचं नवीन वर्ष सुरू झालं. पहिला गुरुवार आला आणि पोरांनी विचारलं नाही कुठं जायचं. मी अडगळीतून एझ्राची जुनी उंच खुर्ची काढली, पुसली आणि मागच्या रांगेत लिडीच्या शेजारी बसवली. टायटसने ती पट्ट्याने बांधून घ्यायला मदत केली. "हलणार नाही आता," तो म्हणाला. त्या दिवसापासून तो फार हळू बोलतो.

"ती आली तर आपल्या घरी राहील?" एझ्राने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"भीती वाटते तुला?"

"वाटते."

"मलापण," एझ्रा म्हणाला, आणि गाडीत चढला.

शेडमध्ये आम्ही जेवलो. नळातून गार पाणी आलं. कोपऱ्यातल्या बाकावर कोणी बसलं नाही. सांगितलं नव्हतं कोणी, पण बसलं नाही. टोपी तिथं कुठंच दिसली नाही. निघताना मी एकेक डोकं हात लावून मोजलं. आता असंच मोजते, उपकार वेगळे आणि डोकी वेगळी. मग मागचं दार उघडं ठेवून मी उन्हात उभी राहिले. शेडच्या आत, कोपऱ्याकडे बघून म्हटलं, "आज जागा आहे. त्या दिवशीही होती. चुकलं माझं."

वारा नव्हता. झाडावरचे पोपट गप्प होते. मी शंभरपर्यंत मोजलं, दार लावलं, आणि पुढे येऊन बसले. डोळे मिटले.

नेओमीने नव्या वहीबद्दल उपकार मानले. टायटसने नळाबद्दल. एझ्राने, आपण आलो त्याबद्दल. लिडीने ससा दिसला त्याबद्दल, मग म्हणाली, अजून एक आहे पण तो माझा नाही.

मग काहीच नाही. मला हायसं वाटायला लागलं होतं, आणि त्याची लाज वाटायला लागली होती. तेवढ्यात मागून, लिडीच्या शेजारून, पट्ट्याचा खटका वाजला.

"परत आलात त्याबद्दल," ती म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच पाच म्हटलं, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. आमेन म्हटलं. मग गाडी काढली आणि वाटेत आरशात पाहिलं नाही. मागे लिडी काहीतरी सांगत होती, मधूनमधून थांबत, जसं आपण समोरचं माणूस बोलेल म्हणून थांबतो.

ग्रँट फाटकाशी उभा होता. त्याने सरकतं दार उघडलं. टायटस उतरला, एझ्रा उतरला. लिडीला त्याने हात देऊन उतरवलं. दार मात्र लगेच लावलं नाही. कोणी सावकाश, नीट पाय खाली टाकत उतरेल, तेवढा वेळ तो ते धरून उभा राहिला. मग त्याने दार लावलं आणि हात पुसले.

"सगळी आली का?"

"सगळी," मी म्हटलं.